दुर्लक्षित स्वतंत्र व्हिडिओ गेम : कला, कायदा आणि रायपूरसारखी शहरे

छत्तीसगडमध्ये 'ऑनलाइन गेम' हा शब्द उच्चारला की अनेकांच्या मनात प्रथम सट्टेबाजीचा विचार येतो. त्यास कारणही तसेच आहे. या राज्याशी निगडित 'महादेव' या सट्टेबाजी ॲपच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये रायपूर येथील विशेष न्यायालयात तक्रार दाखल केली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने या ॲपसह २२ बेकायदेशीर ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. या घटनांमुळे सट्टेबाजीविषयी जागरूकता वाढली, हे स्वागतार्हच आहे. तथापि पैजेचा खेळ आणि कथा सांगणारा व्हिडिओ गेम यांतील भेद पुसला गेला, तर हानी दुसऱ्याच कोणाची तरी होते. ती होते अल्प भांडवलावर, स्वतःच्या प्रतिभेच्या बळावर खेळ निर्माण करणाऱ्या तरुणांची. अशा खेळांचे स्वरूप, त्यांच्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाची कारणे आणि या क्षेत्रातील कायदा व धोरणाची चौकट यांचा आढावा येथे घेतला आहे.

स्वतंत्र गेम म्हणजे काय?

मोठ्या प्रकाशन कंपनीचे भांडवल व नियंत्रण यांविना, लहान गटाने किंवा एकट्या व्यक्तीने तयार केलेल्या व्हिडिओ गेमला 'स्वतंत्र' अथवा 'इंडी' गेम म्हणतात. चित्रपटसृष्टीत समांतर चित्रपटाचे जे स्थान आहे, तेच येथे या खेळांचे आहे. मोठ्या कंपन्यांच्या गेमवर शेकडो माणसे वर्षानुवर्षे काम करतात. तो खर्च भरून काढण्यासाठी बहुसंख्यांना रुचेल असाच विषय निवडावा लागतो. स्वतंत्र निर्मात्यावर हे बंधन कमी असते. त्यामुळे दुष्काळ, स्थलांतर, मानवी तस्करी, मातृभाषेचा विसर असे विषय प्रामुख्याने याच खेळांत हाताळले जातात.

खेळातून मूल्यविचार मांडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आजच्या सापशिडीचे मूळ रूप असलेल्या मोक्षपटात शिडी सद्गुणाची व साप दुर्गुणाचा निदर्शक होता. महाराष्ट्रात या पटाचा संबंध परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. मनोरंजनाच्या साधनातून जीवनदृष्टी देण्याचा तोच प्रयत्न आज संगणकाच्या पडद्यावर होत आहे.

खेळण्याजोगे काही भारतीय खेळ

'अनरेस्ट' (२०१४) : छत्तीसगड ज्या राज्यातून १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे झाले, त्या मध्य प्रदेशच्या राजधानीत, भोपाळमध्ये, 'पायरोडॅक्टिल गेम्स' या छोट्या संस्थेने हा खेळ तयार केला. त्यासाठीचा निधी इंटरनेटवरील लोकवर्गणीतून उभा राहिला. प्राचीन भारताच्या धर्तीवर कल्पिलेल्या, दुष्काळाने ग्रासलेल्या एका नगरराज्यात ही कथा घडते. येथे एक महापराक्रमी नायक नाही. शेतकरी कुटुंबातील मुलीपासून राजकन्येपर्यंत निरनिराळ्या स्तरांतील व्यक्तींच्या भूमिका खेळणाऱ्यास घ्याव्या लागतात आणि बहुतेक प्रश्न शस्त्राऐवजी संवादाने सोडवावे लागतात. मजकुराचा भरणा अधिक असल्याने वाचनाची सवय नसलेल्यास तो संथ वाटेल. टंचाईच्या काळात सत्ता, धर्म व सामान्य माणूस यांचे संबंध कसे ताणले जातात, याचे असे चित्रण मात्र व्हिडिओ गेममध्ये क्वचितच आढळते.

'मिसिंग' (२०१६) : कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने तयार झालेला हा मोबाइलवरील खेळ मानवी तस्करीवर आधारित आहे. खेळणारा तस्करीला बळी पडलेल्या मुलीच्या भूमिकेतून सुटकेचा मार्ग शोधतो. प्रत्येक निर्णयाचे परिणाम त्याच्यासमोर येतात. आकडेवारी वाचून जे उमजत नाही, ते येथे अनुभवातून उमजते. सामाजिक जागृतीसाठी या माध्यमाचा उपयोग कसा करता येतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

'असुरा' (२०१७) : हैदराबादच्या 'ओगर हेड स्टुडिओ'ने हा खेळ तयार केला. पुराणकथांत नेहमी पराभूत होणारा असुरच येथे नायक आहे. प्रत्येक वेळी खेळाची रचना बदलत असल्यामुळे तो पाठ करून जिंकता येत नाही.

'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) : पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा हा खेळ या सर्वांत अधिक परिचित आहे. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या राजी या मुलीची ही कथा. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांचा वापर त्यात अभ्यासपूर्वक केला आहे, तर कथेचे निवेदन दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून होते. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा या गटाचा प्रयत्न अयशस्वी ठरला होता. पुढे परदेशी कंपनीच्या विकास अनुदानाचे साहाय्य मिळाले व खेळ पूर्ण झाला. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्याच कलाकृतीसाठीच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. खेळ लहान आहे आणि त्याचा शेवट अकस्मात होतो, ही त्याची उणीव होय.

भारताबाहेरील भारतीय वंशाच्या निर्मात्यांचे कार्यही येथे नमूद करावयास हवे. कॅनडात तयार झालेला 'वेण्बा' (२०२३) हा खेळ १९८० च्या दशकात तेथे स्थलांतरित झालेल्या तमिळ कुटुंबाची कथा सांगतो. आईच्या जीर्ण पाककृतीवहीतील पुसट मजकूर जुळवून पदार्थ करणे, एवढाच यातील खेळ. त्यातून मातृभाषेपासून दुरावत चाललेल्या मुलाची व्यथा उलगडते. या खेळास २०२४ मध्ये ब्रिटनचा 'बाफ्टा' पुरस्कार पदार्पणातील कलाकृती म्हणून मिळाला. एखाद्या घरातील स्वयंपाकघराची गोष्टही जगापर्यंत पोहोचू शकते, हे त्यावरून दिसून येते.

दुर्लक्ष का होते?

पहिले कारण विपुलतेचे. संगणकावरील खेळांच्या 'स्टीम' या प्रमुख विक्रीमंचावर आज वर्षाला दहा हजारांहून अधिक नवे खेळ दाखल होतात. जाहिरातीसाठी पैसा नसलेला खेळ या गर्दीत काही दिवसांतच दिसेनासा होतो. दुसरे कारण बाजारपेठेचे. भारतात बहुसंख्य लोक मोबाइलवर आणि विनामूल्य खेळ खेळतात. संगणक किंवा कन्सोलसाठी तयार केलेला, एकदाच किंमत मोजून विकत घ्यावयाचा खेळ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तिसरे कारण भाषेचे. भारतीय विषयांवरील खेळही बहुधा इंग्रजीतच तयार होतात. 'राजी'मध्ये हिंदी संवाद आले ते नंतरच्या सुधारित आवृत्तीत. चौथे कारण सामाजिक प्रतिष्ठेचे. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत घरोघरी आढळते.

ही समजूत सर्वस्वी निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग विकृती'चा समावेश केला असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. परंतु खेळणाऱ्याला अखंड गुंतवून ठेवून पैसे खर्च करावयास लावणारा खेळ आणि आरंभ, मध्य व शेवट असलेली, काही तासांत संपणारी कलाकृती यांत फरक करणे आवश्यक आहे. वर उल्लेखिलेले कथाप्रधान खेळ दुसऱ्या वर्गात मोडतात.

कायद्याने आखलेली रेषा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ३४ नुसार 'पैज व जुगार' हा राज्यांचा विषय आहे. छत्तीसगडने जुगार (प्रतिबंध) अधिनियम, २०२२ द्वारे ऑनलाइन जुगारही दंडनीय केला. दीर्घकाळ न्यायालयांनी 'कौशल्याचा खेळ' व 'नशिबाचा खेळ' हा भेद आधारभूत मानला. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण (१९६८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला होता.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५ ने निराळा निकष स्वीकारला. या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात तीन वर्ग आहेत : ई-स्पोर्ट्स, ऑनलाइन सामाजिक खेळ आणि ऑनलाइन पैशांचे खेळ. पैसे भरून त्या बदल्यात पैसे जिंकण्याची अपेक्षा असेल, तर तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो तिसऱ्या वर्गात मोडतो व त्यावर बंदी आहे. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उलटपक्षी, केवळ प्रवेशशुल्क किंवा वर्गणी घेऊन मनोरंजन करणारा खेळ पैशांचा खेळ ठरत नाही. कथाप्रधान स्वतंत्र गेम विकत घेणारा ग्राहक पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकासारखाच असतो. कायद्याच्या शीर्षकात 'नियमन' या शब्दाआधी 'प्रोत्साहन' हा शब्द आहे, याचीही नोंद घ्यावयास हवी.

धोरणात्मक पाठबळ

२०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिदल स्थापण्याची घोषणा झाली. या कृतिदलाने त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल सादर करून राष्ट्रीय अभियानाची शिफारस केली. डिसेंबर २०२२ मध्ये कार्यवाटप नियमांत दुरुस्ती होऊन ऑनलाइन गेमिंग हा विषय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, तर ई-स्पोर्ट्स हा क्रीडा विभागाकडे सोपविण्यात आला. या क्षेत्राच्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रास केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. मुंबईतील भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था त्यातूनच आकारास आली. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या 'वेव्हज' या जागतिक शिखर परिषदेतही गेमिंगला स्थान होते.

रायपूरसमोरील संधी

खेळ निर्माण करण्यासाठी लागणारी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. 'गोडो' हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असून ते वापरण्यास कोणतेही शुल्क नाही. रायपूरमध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, नवा रायपूरमध्ये आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था आहे आणि संगीत व ललितकलांसाठी १९५६ मध्ये स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय खैरागडला आहे. विषयांचीही वाण नाही. तीजनबाईंनी जगभर नेलेली पंडवानी, बस्तरची ढोकरा धातुकला, सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर, मराठी व ओडियाशी नाते सांगणारी हलबी बोली, हे सारे भांडार खेळांच्या दृष्टीने जवळजवळ अस्पर्श आहे. तंत्रज्ञ व कलावंत यांना एकत्र आणणारी व्यवस्था, आरंभीच्या काळातील अल्प अनुदान आणि भारतीय भाषांतील आवृत्तींसाठी साहाय्य या तीन बाबींची उणीव मात्र भरून काढावी लागेल.

सट्टेबाजीला प्रतिबंध आणि सर्जनशीलतेला प्रोत्साहन ही परस्परपूरक कार्ये आहेत. बंदी असलेल्या पैशांच्या खेळांकडून मोकळी झालेली जागा चांगल्या खेळांनी भरली नाही, तर तरुण पुन्हा बेकायदेशीर मार्गाकडे वळण्याची भीती राहते. भोपाळ आणि पुण्यातील लहान गटांनी जे साध्य केले, ते रायपूरलाही अशक्य नाही. त्यासाठी प्रथम हे खेळ पाहिले, खेळले व चर्चिले गेले पाहिजेत. ज्या कलाकृतीला आपल्याच समाजात रसिक मिळत नाही, तिला केवळ धोरणाच्या आधारावर फार काळ उभे राहता येत नाही.