चिंचोक्यांचा डाव

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. ‘मामू, माझं दुकान बंद झालं.’ नोकरी करणाऱ्या मुलाचं कसलं दुकान, मला कळेना. मग उलगडा झाला. तीन वर्षं हा मुलगा रात्री मोबाइलवर पोकर खेळत होता.

कायदा ऑनलाइन खेळांपुरता. गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो-बोटींवर पत्ते अजून हातात घेता येतात. दिवाळीच्या सुटीत तो मित्रांबरोबर तिथे गेला, सगळ्यात लहान टेबलावर बसला आणि हरला. परतताना रत्नागिरीला आमच्याकडे उतरला. म्हणाला, ‘मोबाइलवर मी भल्याभल्यांना हरवायचो. इथे ज्यांना धड खेळता येत नाही, त्यांनी मला धुतलं. असं कसं?’

आमच्याकडे जुगार हराम. घरात पत्ते आले, पैसा कधी आला नाही. पण पोराचा प्रश्न खरा होता. मी माळ्यावरून चिंचोक्यांचा डबा काढला. त्याची आई, म्हणजे आमची आपा, आधी कुरकुरली. ‘पैसे नाहीत ना? मग बसते,’ म्हणाली आणि मांडी घालून बसली. शेजारचे दोघे आले. पाच जणांचा डाव जमला.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये पाच पानं उघडी, सगळ्यांची सामाईक. सातांतून उत्तम पाच निवडायची. बोली चार वेळा लागते. तीनपत्ती येणाऱ्याला अर्ध्या तासात जमेल.

पहिला फरक वेगाचा. मोबाइलवर एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, आणि हा चार टेबलं एकदम उघडायचा. समोरासमोर पानं पिसायची, वाटायची, चिंचोके मोजायचे. तासाला पंचवीस-तीस डाव झाले तर पुष्कळ. आता हिशेब बघा. हातात एक्क्यांची जोडी येते सरासरी २२१ डावांत एकदा. मोबाइलवर ती तासाभरात दिसायची. बैठकीत तिच्यासाठी सात-आठ तास बसावं लागेल. तेवढा धीर कुणाला? मग माणूस कंटाळून किलवरचा गुलाम आणि बदामची तिर्री घेऊनही डावात उतरतो. गोव्यात भाच्याचं पहिलं नुकसान असं झालं. हरला तो कंटाळ्याला.

दुसरा फरक माणसांचा. लहान टेबलावर लोक जिंकण्याइतकेच मजेसाठी बसलेले असतात. पान टाकून गप्प बसायला ते घरून आलेले नसतात. आमची आपा तशीच. भाच्याने मूठभर चिंचोके लोटून तिला घाबरवायचा प्रयत्न केला. आपा म्हणाली, ‘बघू तरी काय आहे तुझ्याकडे!’ त्याच्याकडे काही नव्हतं, तिच्याकडे सत्त्यांची जोडी होती. पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. थाप मारायची तर समोरच्याला पानं टाकायची सवय हवी. जो टाकतच नाही, त्याला थाप मारून काय उपयोग? तिथे मुकाट्याने चांगल्या पानांची वाट पाहावी आणि ती आली की भरपूर लावावेत.

भरपूर का, तेही गणितच. एक्क्यांची जोडी एका माणसासमोर शंभरातून साधारण ८५ वेळा जिंकते. पाच जण अखेरपर्यंत कुठलीही पानं धरून बसले, तर तीच जोडी पन्नासहूनही कमी वेळा जिंकते. म्हणून आधीच मोठी बोली लावून गर्दी कमी करायची. मोबाइलवर पुरणारी छोटी बोली इथे कुणाला हलवत नाही.

तिसरा फरक हिशेबाचा. पडद्यावर मधल्या ढिगाचा आकडा आयता दिसतो. इथे तो डोक्यात ठेवावा लागतो. समजा, तुमची चार बदाम झाली आहेत आणि शेवटचं एक पान उघडायचं आहे. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम उरली ९, म्हणजे पाचात एक संधी. समोरच्याची बोली धरून मध्ये शंभर चिंचोके असतील, तर पंचविसापर्यंत देणं परवडतं. त्यापुढे पानं टाकावीत. शिवाय कॅसिनो बहुतेक ढिगांतून आपला वाटा काढतो आणि लहान डावांत तो जास्त जाणवतो. शेजाऱ्यापेक्षा थोडंसं बरं खेळून भागत नाही.

रीतही शिकावी लागते. पाळी येण्याआधी बोलायचं नाही. चिंचोके एकदाच पुढे सारायचे. थोडे ठेवून, समोरच्याचा चेहरा बघून आणखी ठेवायचे नाहीत. आपली पानं आपणच सांभाळायची.

आणि चेहऱ्याचं काय, तुम्ही विचाराल. सिनेमात डोळ्यांवरून पानं ओळखतात. मी मुशायऱ्यात बसलेला माणूस आहे. मान डोलावणाऱ्यांतले निम्मे झोपेत असतात, हे मला ठाऊक आहे. थरथरता हात भीतीचा असेल किंवा चांगली पानं आल्याच्या आनंदाचाही. कोण किती वेळा पानं टाकतो, हे मोजणं जास्त भरवशाचं.

रात्री सगळे गेले. भाचा चिंचोके डब्यात भरत होता. मी सहज म्हटलं, ‘एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये धर. तीन वर्षांत मोबाइलवर जिंकलास ते काढ बाहेर.’ तो हसला नाही. बराच वेळ बसून राहिला. मग उलट मोजू लागला, हरलेले. दहा-दहाचे ढीग मांडत गेला. सहाशे झाले आणि डबा रिकामा झाला. ‘अजून?’ मी विचारलं. ‘असे दोन डबे,’ तो म्हणाला. एक लाख ऐंशी हजार. त्यातले साठ हजार कर्जाचे, आणि आपाला पत्ता नाही.

जिंकलेल्या रात्री त्याच्या लक्षात होत्या. हरलेल्या रात्री पडद्यावरचा आकडा बदलायचा, तेवढंच. नोट हातातून जात नव्हती, म्हणून डाव ‘लहान’च वाटत राहिला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे, सारं घालवून बसलेल्या जुगाऱ्याचं. त्याला निदान फासे हातात धरावे लागत होते.

सकाळी त्याने आईला सगळं सांगितलं. ती रडली, ओरडली, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन हप्ते मांडायला बसली. महिन्याला पाच हजार, बारा महिने. गोव्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

सुटीला आला की डबा उघडतो. आपा अजून एकही डाव सोडत नाही. मात्र भाचा आता तिला थापा मारत नाही.