दुकानातल्या चिंध्या आणि मुलांची भूमिती

कोणत्याही टेलरच्या दुकानात दिवस मावळता मावळता जमिनीवर चिंध्यांचा ढीग साचतो आणि सकाळी तो झाडून बाहेर टाकला जातो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, सगळीकडे हेच. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते की कापडापेक्षाही मोठे नुकसान त्या केरात जाते. आपल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना जे शिकवायला हवे त्याचे सामान त्यात पडलेले असते.

कळीदार कुर्त्याचेच घ्या. समजा, कळी वर ३ इंच, खाली ९ इंच, लांबी २४ इंच. एक बाजू सरळ, दुसरी तिरपी. नवशिका कारागीर चारही कळ्यांची तोंडे एकाच दिशेला ठेवतो. चार नवे छत्तीस, ३६ इंच पन्हा संपला. जाणता मास्टर २४ इंच कापड दुमडून १२ इंचांची दुहेरी घडी करतो, वर ३ आणि खाली ९ इंचांवर खूण करतो आणि एकच तिरपी कात्री चालवतो. एक कळी सुलटी, दुसरी उलट्या तोंडाची, दोन्ही मिळून पुरा आयत. घडी दुहेरी असल्याने दोन डाव्या आणि दोन उजव्या कळ्या हाती येतात, आणि १२ बाय २४ इंचांचा तुकडा शिल्लक राहतो. त्यात कॉलर निघते, खिसा निघतो. (नक्षी एकाच दिशेची असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, फुले उलटी दिसतात आणि गिऱ्हाईक कुर्ता परत आणते.) आकाराला आकार जोडता येणे म्हणजे काय, ते या एका कात्रीत आहे.

आपल्या मुलांना हे कोण शिकवते? शाळेत तक्त्यावर बोट ठेवून ‘हा त्रिकोण, हा चौकोन’ एवढे पाठ करून घेतात. दुकानात बाप म्हणतो, ‘कात्रीला हात लावू नको.’ आणि पोरगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला काजे-बटणाला बसवतो. हात चालू झाले, डोके बंदच.

हा प्रश्न वर्ध्यातच मांडला गेला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी इथे शिक्षण परिषद बोलावली. पुढे जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. समितीत ख्वाजा गुलाम सय्यिदैन होते, विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते. मुस्लिम लीगने त्या योजनेला विरोध केला. ते राजकारण इथे बाजूला ठेवू. समितीने स्पष्ट सांगितले की यंत्रासारखे काम करणारे कारागीर तयार करणे हा हेतू नाही; हुन्नरात जे शिक्षण दडले आहे ते बाहेर काढायचे आहे. झाकीर साहेबांनी तर परिषदेतच इशारा दिला होता की मुलांच्या मालावर शाळेचा खर्च भागवण्याचा अट्टहास केला तर गरीब पोरांची पिळवणूक होईल. ती योजना ७ ते १४ वयाची होती. त्याहून लहान मुलांच्या ‘पूर्व बुनियादी’ शिक्षणाचा विचार १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत झाला. म्हणजे हुन्नरातून शिकवणे हा आपल्या जिल्ह्याच्या घरचा विचार आहे, आणि आपण टेलर लोक घरात हुन्नर असून मुलांना फक्त मजुरी देतो.

करायचे ते अगदी सोपे आहे. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा घ्या, ४ इंचांचे दहा-बारा चौकोन काटेकोर कापा आणि निम्मे चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे कापा. वर चिंधी चिकटवली तर उत्तम, कारण मग सुलट-उलट बाजू कळते. तुकडा फिरवणे वेगळे आणि पालथा घालणे वेगळे, हे मूल आपोआप शिकते. माप मात्र अचूक हवे. सुताभराचा फरक पडला तरी कडा जुळत नाही आणि मूल कंटाळते.

पहिले काही दिवस मूल तुकडे नुसते अलग अलग मांडेल. मग त्यातून घर करेल, मासा करेल, अंदाजाने. मांडू द्या. नंतर विचारा, या दोन त्रिकोणांचा चौकोन होईल का? आणखी काय होईल? मोठा त्रिकोण होतो, कललेला चौकोनही होतो. हात धरून जोडून देऊ नका. ‘कोणती कड कोणत्या कडेला लागते?’ एवढेच विचारा. त्रिकोण नेहमी बसका ठेवून दाखवू नका, नाहीतर टोकावर उभा केलेला त्रिकोण मूल त्रिकोण मानत नाही. मुलींनाही बसवा, गोधडी शिवणाऱ्या आईच्या शेजारी याहून चांगला वर्ग कुठला?

आम्ही उर्दू शाळेत त्रिकोणाला मुसल्लस आणि चौरसाला मुरब्बा म्हणायचो, आणि मुरब्बा म्हटले की वर्ग हसायचा. मराठी शाळेत नावे बदलली की मुले गोंधळतात. ज्याने तुकडे हाताने जोडलेत तो फक्त नाव नवे शिकतो.

हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये अबुल वफा बुझजानी यांनी खास कारागिरांसाठी भूमितीचा ग्रंथ लिहिला. त्यातला एक सवाल असा: तीन सारखे चौरस कापून एकच मोठा चौरस करा. त्यांचे उत्तर मोठ्या मुलांना काउंटरवर दाखवण्यासारखे आहे. दोन चौरस कर्णावर कापा, चार त्रिकोण झाले. तिसरा चौरस मध्ये ठेवा. त्याच्या प्रत्येक बाजूला एका त्रिकोणाची लांब कड लावा, कडेचे एक टोक चौरसाच्या कोपऱ्याला जुळवून, चारही एकाच फेऱ्याने, भिरभिऱ्यासारखे. आता त्रिकोणांचे चार काटकोनी कोपरे रेघेने जोडा. रेघेबाहेर जे चार लहान तुकडे येतील ते कापून आतल्या चार रिकाम्या जागी ठेवून पाहा, बसतात की नाही. एक चिंधीही उरत नाही.