ताटापासून दूर जाणारी मुलं आणि घरची माणसं: दीडशे वर्षांचा मागोवा

1873 साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी एका आजाराचं वर्णन केलं. रुग्ण बहुतेक तरुण मुली. क्षय नाही, पोटाचा विकार नाही, तरी जेवण तुटत जातं, पाळी थांबते, हाडं दिसू लागतात. आणि मुलगी मात्र ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत हिंडत-फिरत असते. गल यांनी दिलेलं ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आजही चालू आहे.

लासेग यांनी रुग्णाइतकंच तिच्या घराकडेही लक्ष दिलं. घरच्यांपाशी दोनच उपाय असतात, आर्जवं आणि धमक्या, आणि दोन्ही वापरून संपतात, असं त्यांनी नोंदवलं. हे आपल्या कुठल्याही घराला ओळखीचं वाटेल. आधी आवडीची भाजी, ‘माझ्यासाठी दोन घास खा’, मग शपथा, मग आरडाओरडा, शेवटी मामाला बोलावून समजूत. गल यांनी यातून कठोर निष्कर्ष काढला: अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत अयोग्य. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी तर रुग्णाला घरापासून तोडणं हाच उपचाराचा पाया मानला. त्या घटकेपासून आईबाप या आजारात आरोपी झाले, ते शंभर वर्षांहून अधिक काळ.

मधली काही दशकं वेगळ्याच वाटेवर गेली. 1914 मध्ये जर्मन डॉक्टर सिमंड्स यांनी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडाने माणूस खंगतो असं दाखवलं, आणि पुढे कित्येक वर्षं उपाशी मुलींचा आजारही ग्रंथीचाच समजला गेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सल कीज यांनी केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे 36 निरोगी तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. शरीर आणि मन दोन्ही धडधाकट आहेत हे तपासूनच त्यांची निवड झाली होती. तरी काही आठवड्यांत अन्नाशिवाय त्यांना दुसरं काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, एकेक घास चघळत जेवण लांबवत, ताटल्या चाटत. त्यांना थंडी वाजे, ते चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर काही जणांना खाणं आवरेना. म्हणजे ज्याला आपण मुलीचा हट्टी किंवा विचित्र स्वभाव म्हणतो, त्यातला मोठा भाग उपासमारीनेच घडवलेला असतो. अशा मेंदूशी वाद घालून उपयोग नाही. आधी त्याला अन्न पोहोचायला हवं, तेही वैद्यकीय देखरेखीखाली. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घातलं, तर रक्तातले क्षार झपाट्याने घसरून जीवावर बेतू शकतं.

1979 मध्ये लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 30 रुग्णांच्या अभ्यासातून बुलिमिया वेगळा ओळखला. यात माणूस ताबा सुटल्यासारखं खातो आणि मग घाबरून ते शरीराबाहेर टाकू पाहतो. वजन बरेचदा नेहमीसारखंच असतं, म्हणून घरात वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. 1983 च्या फेब्रुवारीत अ‍ॅनोरेक्सियाशी झगडणारी गायिका कॅरेन कारपेंटर वयाच्या 32व्या वर्षी गेली, तेव्हा सामान्य लोकांना पहिल्यांदा नीट कळलं की अ‍ॅनोरेक्सिया हृदय थांबवू शकतो. बेसुमार खाण्याच्या, पण ते बाहेर न टाकण्याच्या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात स्वतंत्र स्थान मिळायला मात्र 2013 उजाडलं.

खरं वळण आलं 1987 मध्ये. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांनाच उपचारात घेतलं. आजार वयाची 19 वर्षं पूर्ण होण्याआधी सुरू झालेला आणि तीन वर्षांच्या आतला असेल, तर कुटुंबासह केलेला उपचार एकट्या रुग्णाशी बोलण्यापेक्षा जास्त गुण देतो, असं त्यांना आढळलं. पुढे यातूनच एक पद्धत घडली. डॉक्टर म्हणतात, कारणं शोधत बसू नका, दोष कुणाचाच नाही. मूल आणि आजार वेगळे समजा. काही महिने काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात, समोर बसून शांतपणे खाऊ घालतात. तब्येत सावरली की जबाबदारी हळूहळू मुलाकडे परत जाते. ज्यांना गल यांनी खोलीबाहेर काढलं होतं, तेच आता उपचाराचे हात झाले.

आपल्याकडे निदान उशिरा होतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 1995 मध्ये पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. जेवायला नकार होता, उलट्या होत्या, वजन उतरलं होतं. पण पाश्चात्त्य पुस्तकांतली ‘मी जाड आहे’ ही तक्रार ठळक नव्हती. त्यामुळे पित्त, अशक्तपणा, नजर लागली अशा नावांखाली आजार दडून राहतो. उपासाचे वार वाढले तर कौतुकच होतं. लग्नाच्या वयाची मुलगी बारीक झाली, तर पाहुणे ‘छान दिसतेस’ म्हणतात. मुलगा जिममागे लागून जेवण टाळू लागला, तर शिस्त म्हणून वाहवा होते. याचा मला मनापासून राग येतो, कारण आजार मुरत जातो तसा तो बरा करणं अवघड होतं, आणि अ‍ॅनोरेक्सियातला मृत्यूचा धोका मानसिक आजारांत सर्वांत वरच्यांपैकी आहे.

म्हणून घरात कुणी सगळ्यांबरोबर जेवणं टाळत असेल, जेवण होताच बाथरूममध्ये जात असेल, इतरांसाठी हौसेने रांधून स्वतः खात नसेल, चक्कर येत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्या. वजन ठीक दिसतं म्हणून थांबू नका. मग मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांचीही मदत घ्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांच्या उपचारांनाही संरक्षण द्यायचं आहे, तेव्हा पॉलिसी काढून पाहा. कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही. आईने करावा, भावाने करावा, वर्गशिक्षिकेने करावा. पण आज करावा.