आगोटीची बेगमी : हिम, वादळ आणि आपली उपनगरे

कोकणपट्टीतील जुन्या पिढीला 'आगोट' हा शब्द चांगला परिचित आहे. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीचे जे मोजके दिवस असतात, ती आगोट. या दिवसांत घर शाकारले जाई, पश्चिमेकडील भिंतीला झडीपासून जपण्यासाठी नारळाच्या झावळ्यांची झापे बांधली जात, आणि जळण, तांदूळ, मीठ, सुकी मासळी यांची चार महिने पुरेल इतकी बेगमी केली जाई. पाऊस कोसळू लागल्यावर त्याच्याशी झुंजता येत नाही, जे करावयाचे ते तो येण्यापूर्वीच करावे लागते, हे शहाणपण या एका शब्दात साठवलेले होते.

आपल्या विद्यालयाचे बहुसंख्य विद्यार्थी घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील वस्त्यांतून येत आले आहेत. या वस्त्यांना पावसाळा नवा नाही. परंतु आगोट मात्र त्यांच्या जीवनातून नाहीशी झाली आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील माणसांनी हिमाशी आणि वादळाशी कसे जुळवून घेतले, आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हिमाची सवय, पावसाचा घाला

लडाख हा हिमालयापलीकडील शीत वाळवंटाचा प्रदेश. मोसमी ढग पर्वतरांगांच्या अलीकडेच रिते होतात, त्यामुळे लेह येथे वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिलिमीटर इतकाच पाऊस आणि हिम मिळून पडते. हिवाळ्यात मात्र पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि पूर्वी घाटरस्ते अनेक महिने बंद राहत. तेथील घर या हवामानाचेच अपत्य आहे. उन्हात वाळवलेल्या विटांच्या जाड भिंती दिवसाची ऊब धरून ठेवतात. सपाट धाब्यावर गवत आणि जळण रचलेले असते, खालच्या मजल्यावर जनावरे असतात. उन्हाळ्यातच भाज्या वाळवून ठेवल्या जातात. ही लडाखची आगोटच होय.

अलीकडच्या काळात तेथे हिमनद्या मागे हटू लागल्या आणि पेरणीच्या वेळी पाणी मिळेनासे झाले. तेव्हा सोनम वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी नळीने खाली आणून, कारंज्यासारखे उडवून त्याचे शंकूच्या आकाराचे हिमडोंगर उभे केले. शंकूचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने कमी असल्याने तो उन्हात सावकाश वितळतो आणि वसंतात शेताला पाणी देतो. त्याचा आकार पाहून त्याला 'हिमस्तूप' हे नाव मिळाले.

परंतु याच लडाखवर ५ व ६ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री अतिवृष्टी कोसळली. हिमाला शतकानुशतके पुरून उरलेल्या मातीच्या भिंती पाण्याने विरघळल्या आणि चिखलाचे लोट वस्त्यांत शिरले. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. घर आणि जीवनपद्धती ज्या संकटासाठी घडलेली असते, त्याहून वेगळे संकट आले की जुने शहाणपण अपुरे पडते, हा या घटनेचा धडा आहे. हवामान बदलत असताना तो आपल्यालाही लागू आहे.

जोडलेल्या हातांची छपरे

जपानमधील शिराकावा या डोंगराळ खोऱ्यात परिस्थिती याच्या उलट आहे. तेथे हिमवर्षाव इतका होतो की सपाट छप्पर त्या भाराने कोसळेल. म्हणून तेथील घरांची गवताने शाकारलेली छपरे सुमारे साठ अंशांच्या उताराची असतात, जेणेकरून हिम घसरून खाली यावे. वंदनेसाठी जोडलेल्या हातांसारखी ती दिसतात, आणि त्या बांधणीला जपानी भाषेत नावही त्याच अर्थाचे आहे. १९९५ मध्ये या गावांचा जागतिक वारशात समावेश झाला.

एवढे मोठे छप्पर शाकारणे एका कुटुंबाच्या आवाक्यातील काम नाही. सारे गाव एकत्र येते आणि एका घराचे छप्पर शाकारून देते. पुढे दुसऱ्याची पाळी येते. म्हणजे हिमाचा भार छपराइतकाच परस्परसाहाय्यही पेलत असते.

इशारा आणि निवारा

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच राज्यात गोपालपूरजवळ 'फायलिन' हे अतितीव्र चक्रीवादळ धडकले. या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते, आणि मृतांची संख्या काही डझनांवर सीमित राहिली. हा फरक केवळ वाऱ्याच्या बळामुळे पडला नव्हता. दरम्यान किनाऱ्यालगत पक्के निवारे बांधले गेले होते, हवामानाचा इशारा गावापर्यंत पोहोचविण्याची साखळी तयार झाली होती, आणि तो ऐकून घर सोडण्याचा सराव लोकांना झाला होता.

ओडिशाचा उल्लेख आला की आपल्याला आणखी एक गोष्ट आठवली पाहिजे. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदी यांच्या पूरनियंत्रणाचा प्रश्न त्यांच्याकडे होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी पुराकडे केवळ आपत्ती म्हणून पाहण्याच्या दृष्टीस आक्षेप घेतला. पाणी ही संपत्ती आहे, ती अडवून सिंचन, वीज आणि वाहतूक यांसाठी वापरली पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पूर ही दैवाची करणी मानून हात जोडून बसण्यास त्यांच्या विचारांत जागा नव्हती. तो त्यांच्या लेखी नियोजनाचा प्रश्न होता.

सव्वीस जुलैचा हिशेब

आता आपल्या दाराशी येऊ. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत, चोवीस तासांत, सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पडला. उंच वाढलेले ढग उपनगरांवर तासन्‌तास ठाण मांडून राहिले आणि अरबी समुद्रावरून येणारे बाष्प त्यांना पुरवठा करीत राहिले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने दहा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीच्या पत्र्यावर त्या दिवशी दहा हजार लिटरहून अधिक, म्हणजे एका टँकरइतके पाणी पडले.

हे पाणी वाहून जाण्यास मार्ग नव्हता. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या अंदाजाने, तीही ओहोटी गृहीत धरून आखलेली होती. त्या दिवशी दुपारनंतर मोठी भरती होती. विहार आणि पवई तलावांचे ओसंडणारे पाणी घेऊन साकीनाका, कुर्ला या भागांतून माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी नदी भराव, बांधकामे आणि कचरा यांनी अरुंद झाली होती. मुंबईत चारशेहून अधिक माणसे त्या आपत्तीत गेली. त्यांपैकी सत्तरहून अधिक साकीनाक्याच्या डोंगरउतारावरील दरडीखाली गाडली गेली. अनेक शाळांतील मुलांनी ती रात्र वर्गांतच काढली. त्या रात्री अंधेरीहून घाटकोपरपर्यंत छातीभर पाण्यातून चालत आल्याची आठवण प्रस्तुत लेखकाला अजून आहे. अनोळखी माणसांनी धरलेला दोर नसता तर ती सांगण्यास तो उरला नसता.

उतार कोणाच्या वाट्याला येतो?

१२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगर परिसरात दरड कोसळून सत्तरहून अधिक जीव गेले. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली. १३ मे २०२४ रोजी पावसाळ्यापूर्वीच्या धुळीच्या वादळात घाटकोपरच्या छेडा नगरजवळ महाकाय जाहिरातफलक पेट्रोल पंपावर पडला आणि १७ जण ठार झाले. या घटनांत पाऊस आणि वारा ही निमित्ते होती. माणसे दगावली ती उताराच्या पायथ्याशी, भिंतीच्या आडोशाला आणि फलकाच्या सावलीत होती म्हणून.

डोंगर का सरकतो, हे समजून घेणे कठीण नाही. उपनगरांतील टेकड्यांवर कातळावर मुरूम आणि मातीचा थर असतो. सलग पावसाने त्यात पाणी मुरते, माती जड होते आणि तिच्या कणांची एकमेकांवरील पकड सैल होते. त्यातच पायथ्याशी घरांसाठी डोंगर खोदलेला असला तर वरच्या थराचा आधारच गेलेला असतो. जमिनीत नव्या भेगा पडणे, खांब किंवा झाड कलणे, दारे एकाएकी घट्ट बसू लागणे, उतारातून गढूळ पाण्याचा झरा फुटणे ही त्याची पूर्वचिन्हे आहेत. ती दिसताच घर सोडावे. सामानासाठी मागे फिरू नये.

या उतारांवर कोणी हौसेने राहावयास आलेले नाही. ज्यांच्या श्रमांवर शहर चालते त्यांना शहराने सुरक्षित जमीन परवडू दिली नाही, म्हणून ते उतारावर आणि नाल्याकाठी गेले. पुनर्वसनाची मागणी ही म्हणूनच दयेची याचना नसून जगण्याच्या हक्काची मागणी आहे. तो प्रश्न सुटेपर्यंत मात्र आपली माणसे तेथेच राहणार आहेत, आणि म्हणून तयारीही तेथेच व्हावयास हवी.

कान्हेरीचा पाठ

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी आपण वंदनेसाठी पाहतो. ती पावसाळी वस्तीचा नमुना म्हणूनही एकदा पाहावीत. भगवान बुद्धांच्या काळापासून भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने भ्रमंती थांबवून एका जागी वर्षावास करीत आले. कोवळी तृणे आणि लहान जीव पायदळी तुडविले जातात, अशी लोकांची तक्रार त्यामागे होती, असे विनयपिटक सांगते. कान्हेरीत शंभरहून अधिक लेणी एकसंध कातळात, ओढ्याच्या पात्रापासून उंच कोरलेली आहेत. खडकावरून येणारे पाणी पन्हाळींनी लेण्याबाहेरील टाक्यांत वळविलेले आहे. या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. कल्याण, सोपारा येथील उपासकांनी लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढीही दान दिल्याचे लेख तेथे आहेत. जागेची निवड, पाण्याला वाट आणि समाजाचा हातभार या तीन गोष्टींवर ही वस्ती याच मुसळधार पावसात शतकानुशतके नांदली.

आपली आगोट

आज आपल्याजवळ त्या काळी नसलेले एक साधन आहे : पूर्वसूचना. कुलाब्यापाठोपाठ जोगेश्वरीजवळ वेरावली येथेही हवामान विभागाचे रडार कार्यरत झाले आहे. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार', आणि अशा वेळी दिला जाणारा 'रेड अलर्ट' हा तातडीने कृती करण्याचा इशारा असतो. त्या दिवशी भरतीची वेळही पाहावी. साडेचार मीटरहून मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आले की सखल भागांत पाणी भरणार हे गृहीत धरावे. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावा.

मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक घरी एक पिशवी तयार असावी. जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, आधारपत्र हे सर्व प्लास्टिकच्या जाड पाकिटात घालून तीत ठेवावे. या कागदांसाठी आपल्या आईवडिलांनी किती खेटे घातले आहेत, हे आपण जाणतो. सोबत विजेरी, औषधे आणि पिण्याचे पाणी असावे. पाणी घरात शिरू लागताच विजेचा मुख्य स्विच बंद करावा. तुंबलेल्या रस्त्यावर काठीने तळ चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये. बंद मोटारीत बसून राहू नये. २००५ मध्ये दारे न उघडल्याने काहींचा आतच गुदमरून अंत झाला.

घरच्या तयारीइतकीच वस्तीची तयारी महत्त्वाची आहे. वस्तीतील बुद्धविहार ही बहुधा पक्की आणि सर्वांना ठाऊक असलेली वास्तू असते. पहिल्या पावसापूर्वीच्या एका रविवारी विहारात बैठक घ्यावी. उतारावरील घरांतील वृद्ध, गरोदर महिला आणि अपंग यांची यादी करावी, त्यांना कोण आणि कोठे नेणार ते ठरवावे, आणि त्या वाटेने एकदा प्रत्यक्ष चालून पाहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, परिचारिका, शिक्षक झाले आहेत त्यांनी आपापल्या वस्तीत या कामाचा पुढाकार घेतला, तर विद्यालयाने दिलेल्या शिक्षणाचे ते चीज ठरेल. शिराकावाची माणसे एकमेकांचे छप्पर शाकारतात. आपण एकमेकांना उतारावरून वेळेत खाली आणावयाचे आहे. मृगाचा पाऊस ठरल्यासारखा येईलच, त्याच्या आत आपली आगोट पुरी व्हावी.