दुखऱ्या आतड्याला चोथा किती?

एरवी आम्ही आपल्याशी लागण, खत अन् तोडणीचे बोलतो. आज थोडे पोटाचे बोलू.

शिवारात फिरताना मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाचे दोन तऱ्हांनी हाल होताना दिसतात. एका घरी ताप उतरला की लगेच "अंगात ताकद यायला पाहिजे" म्हणून ज्वारीची भाकरी, ठेचा अन् अंबाडीची भाजी पुढे येते. दुसऱ्या घरी महिना-दोन महिने नुसती साबुदाण्याची लापशी. दोन्हीही चूकच.

ऊस खाताना आपण रस गिळतो, चोथा थुंकतो. बैल मात्र वाढे पचवतो, कारण त्याच्या पोटातले जंतू तंतू फोडतात. आपल्या पाचकरसांना ते जमत नाही. ज्वारीचा कोंडा, मेथीचे देठ, पेरूच्या बिया जवळजवळ तशाच पुढे सरकतात. धडधाकट माणसाचे त्याने पोट साफ राहते. मुदतीच्या तापात मात्र लहान आतड्याच्या शेवटी जखमा होतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे रक्तस्राव होण्याचा, भोक पडण्याचाही धोका असतो. तेव्हा भरड अन्न नकोच.

मग उपाशी ठेवायचे का? पूर्वी डॉक्टरही जवळपास तसेच करीत. १९०९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉ. वॉरन कोलमन यांनी भरपूर पण हलके अन्न दिले, तर रोगी कमी खंगतो असे दाखवून दिले. असे अन्न आपल्या घरातच आहे : मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, ताजे ताक, घोटलेला दुधी, पिकले केळे. शिजवल्याने तंतू मऊ होतो, नाहीसा होत नाही; म्हणून साल, बी काढावी, पीठ चाळून घ्यावे.

पण कोंडा कायमचा बंद करू नये. रस काढून उरलेल्या भुशावरच आपला बॉयलर पेटतो ना! तसेच मोठ्या आतड्यातले जंतू तंतू आंबवून आतड्याच्या अस्तराला खाद्य पुरवतात. मोळी टाकल्यावर पहिल्याच दिवशी कोणी पूर्ण गाळप करीत नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी आंबील, मग वरणात कुस्करलेली चतकोर भाकरी, असे हळूहळू वाढवावे.

मात्र पोटात एकाएकी जोराची कळ आली, पोट कडक झाले किंवा शौचाला काळे झाले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. बैलगाडी, ट्रॅक्टर, जे हाताशी असेल त्यातून दवाखाना गाठा. उसाची तोड एक दिवस थांबेल, आतडे थांबत नाही.