बंदूक द्या, शिलाई मशीन घ्या!

आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये १९७७ साली पेटलेले यादवी युद्ध १९९२ च्या रोम कराराने थांबले. सुमारे दहा लाख माणसांचा त्यात बळी गेला होता. शांतता आली, पण बंदुका घरांत लपवलेल्या, जमिनीत पुरलेल्या तशाच राहिल्या. पोटाला अन्न नसेल तर त्या पुन्हा बाहेर निघणार, ही धास्ती होतीच.

१९९५ मध्ये अँग्लिकन बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तेथील ख्रिस्ती परिषदेने साधा सौदा मांडला: शस्त्र आणून द्या, सायकल, शिलाई मशीन किंवा कुदळ घेऊन जा. निकामी केलेल्या शस्त्रांचे तुकडे कलावंतांकडे गेले. त्यांतून २००१ मध्ये घडलेले ‘शस्त्रांचे सिंहासन’ लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने संग्रही घेतले.

बंदूक सोडणाऱ्या हाताला काम मिळाले, तरच शांतता टिकते, हे या सौद्यामागचे साधे शहाणपण!