कोरड दिसते तशी नसते



आपल्या मुलुखाला कोरड शिकवावी लागत नाही. कोरडवाहू रान, कोरडी विहीर, कोरडा दुष्काळ, कोरडा पाहुणचार. आणि गंमत अशी, की भाकरीबरोबर जे पातळ कालवण लागते त्यालाही आपण कोरड्यासच म्हणतो.

उसाच्या बांधावर आम्ही नेहमी सांगतो, भर दुपारी पान मिटले म्हणून लगेच पाणी सोडू नका. सकाळीही मिटलेलेच असेल तर मुळाशी ओल नाही असे समजा. चिबड जमिनीत तर पाणी साचूनही ऊस सुकतो, कारण मुळांना हवा मिळत नाही. उसाचे हे आम्हाला ठाऊक होते, माणसाचे उशिरा कळले.

सन २०१६ चा उन्हाळा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. गावोगाव टँकरपुढे घागरींच्या रांगा. त्या दिवसांत एका सभासदांच्या मंडळी आम्हाला म्हणाल्या, "साहेब, भाकर गिळना गेलीय. घासाघासाला पाणी लागायलंय. डोळ्यात वाळू गेल्यावानी टोचायलंय."

आम्ही म्हणालो, "वहिनी, यंदा कोणाच्या तोंडाला कोरड नाही?" सगळे हसले.

त्याच वैशाखात त्यांची आई वारली. वहिनींच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. बाया कुजबुजल्या, "कोरड्या काळजाची हाय." आम्हीही ते ऐकले आणि गप्प राहिलो.

पुढे पाऊस झाला, मांजरा धरण भरले. वहिनींचे तोंड कोरडेच. दात किडले, बोटांचे सांधे दुखू लागले. तेव्हा कुठे डॉक्टरांना दाखवले. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवली. ती पाच मिलिमीटरही भिजली नाही. रक्त तपासले आणि निदान झाले, शोग्रेनचा आजार.

स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली हा आजार सविस्तर मांडला. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच अश्रूंच्या व लाळेच्या ग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका, बहुधा चाळिशीपुढच्या.

प्रत्येक कोरड म्हणजे हा आजार नव्हे. मधुमेह, तंबाखू, ॲलर्जीच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही तोंड सुकते. विशेष म्हणजे कोरडा डोळा कधी उलट सारखा गळतो; टोचणी लागली की पाणी सुटते, पण डोळा ओला राहत नाही. तीन महिने रोज डोळे टोचत असतील, पाण्यावाचून घास उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. चालू गोळी मनाने बंद करू नये. शोग्रेनचा आजार मुळातून जात नाही; पण डोळ्यांत घालायचे थेंब, दातांची निगा आणि वेळेवर तपासणी यांनी पुष्कळ आराम पडतो.

वहिनी आता थेंब घालतात, भाकरी कोरड्यासात कुस्करून खातात. मागे भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, आईसाठी मी लई रडले व्हते. दिसलं नाही, इतकंच."

रानातली ओल आम्ही हातभर खड्डा घेऊन पाहतो. वहिनींना मात्र एक प्रश्न धड विचारला नव्हता. सभासदांनी आपापल्या घरी तेवढा विचारावा, ही विनंती.